माती तपासतो, मन कधी तपासायचे?



हंगामाचे अखेरचे महिने शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे असतात. शेजाऱ्याचा ऊस गेलेला असतो, आपला उभाच. तुरा आला, वजन घटायला लागले, टोळी आज येते उद्या येते म्हणते आणि सोसायटीचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी झोप उडते, घरात चिडचिड होते. चार दिवसांत निवळले तर प्रश्नच नाही. पण पंधरवडाभर टिकले तर? ते ओळखायचे कसे, हे या लेखात सांगायचे आहे. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण लागण करणारा माणूसच खचला, तर सुधारित बेणे आणि ठिबक काय कामाचे?

जमिनीचा कस आपण नुसत्या नजरेने ठरवत नाही, नमुना काढून तपासतो. मनाचीही अशी साधी तपासणी आहे. स्पिट्झर, क्रोएन्के व विल्यम्स या अमेरिकेतील तज्ज्ञांनी केलेली ९ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली २००१ सालापासून जगभर वापरात आहे. ती मराठीतही मिळते. ५-१० मिनिटांत भरून होते.

प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे असतात. कामात गोडी वाटते का, मन उदास असते का, झोप, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, लक्ष न लागणे, हालचाल मंदावणे किंवा उगीच अस्वस्थ होणे, आणि शेवटी, मरण बरे असे वाटणे किंवा स्वतःला इजा करून घेण्याचे विचार येणे. उत्तराला गुण असे : अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २७ च्या दरम्यान येते. ५ च्या आत असेल तर विशेष काळजी नाही. ५ ते ९ म्हणजे सौम्य त्रास. पंधरा दिवसांनी पुन्हा भरून बघा. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. १५ च्या पुढे तर अजिबात दिरंगाई नको.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटच्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टर गाठा. घरातली कीटकनाशके, तणनाशके कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

मातीचा नमुना बांधावरचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा घेत नाहीत, कारण तो फसवतो. तसेच इथे. भांडण झाले त्या दिवसावरून किंवा बिल जमा झाले त्या दिवसावरून उत्तर देऊ नका, पुरे दोन आठवडे आठवा. आकडा तारखेसह वहीत लिहा. एका आकड्यापेक्षा तीन-चार पंधरवड्यांचा चढउतार जास्त सांगून जातो.

हेही समजून घ्या की, ही प्रश्नावली निदान करत नाही. थकवा आणि झोपेची तक्रार थायरॉइडने, रक्त कमी असल्याने, मधुमेहाने किंवा दारूनेही होते. त्याचा उलगडा डॉक्टर करतील. आणि आकडा मोठा आला म्हणजे माणूस वेडा झाला, असे मुळीच नव्हे. उदासीनता हा आजार आहे आणि त्याला समुपदेशन व औषध दोन्ही आहेत.

आपल्याच राज्यात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी हा विषय बोलता केला, तेव्हा उदासीनतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सहापट झाले. त्रास आधीही होताच, फक्त कोणी बोलत नव्हते.

घरच्या कारभारणीनेही ही प्रश्नावली भरावी. घरादाराचे ऐकून घेता घेता तिचे स्वतःचे दुखणे बहुधा शेवटी राहते. पण एकाची प्रश्नावली दुसऱ्याने परस्पर भरू नये, आणि कोणाचा आकडा चावडीवर जाऊ नये. ही वही गट ऑफिसला दाखवायची नाही. उसाच्या नोंदीशी, तोडणीच्या पाळीशी तिचा काही संबंध नाही.

मदतीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.

येत्या अमावस्येला आणि पौर्णिमेला वही काढा, म्हणजे पंधरवडा आपोआप लक्षात राहील. एखाद्या सभासदाने अलीकडे शेतावर येणे सोडले असेल, तर त्याच्या बांधावर जाऊन बसा, ऊस कसा आहे हे विचारण्याआधी तो कसा आहे हे विचारा.

आपला,
ऊस विकास अधिकारी