आल्प्सच्या देशात वाटाड्याबरोबर

स्वित्झर्लंड हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. त्यातला निम्म्याहून अधिक भाग आल्प्सच्या डोंगरांनी व्यापलेला. समुद्रकिनारा नाही, भाषा एक नाही तर चार. असे असूनही मुंबई-पुण्याहून युरोपच्या सहलीला निघालेल्या मंडळींच्या यादीत या देशाचे नाव नाही, असे सहसा व्हायचे नाही. बहुतेक जण ठरवून दिलेल्या सहलीबरोबरच जातात. पुढे झेंडा नाहीतर छत्री उंच धरून चाललेला मार्गदर्शक, आणि मागून पंचवीस-तीस माणसे. या प्रकाराला नावे ठेवण्याची एक रीतच पडून गेली आहे. मेंढरांचा कळप म्हणून लोक हसतात. पण ही वहिवाट मुळात कशी पडली ते पाहिले, म्हणजे हे हसू जरा आवरते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्सची सफर म्हणजे धनवंतांचे काम. हाताशी नोकरचाकर हवेत, पैसा हवा आणि महिनोन् महिने मोकळे हवेत. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने 1863 च्या जून महिन्यात एक मंडळी स्वित्झर्लंडला नेली. त्या देशातली ही त्याची पहिलीच सहल. तीत यॉर्कशायरच्या जेमायमा मॉरेल नावाच्या बाई होत्या. त्यांनी प्रवासात रोजनिशी ठेवली, आणि ती शंभर वर्षांनी, 1963 साली, पुस्तकरूपाने छापली गेली. तेव्हा डोंगरावर गाडी नव्हती. पायघोळ झगे सावरीत या बायकांनी गेमी खिंडीची कड्यात कोरलेली वाट चढून पार केली, आणि रिगीवर जाऊन सूर्योदय पाहिला. आजच्या सहलीत इतके कोणी चालेल का? मला शंका आहे. पुढे 1868 पासून कुकने हॉटेलांसाठी कुपने काढली. खर्चाचा अंदाज घरूनच येऊ लागला, आणि बेताच्या मिळकतीच्या माणसालाही पर्वत आवाक्यातले वाटू लागले.

पाहुणे आले त्या वेळी यजमानाची स्थिती कशी होती, हे सहसा कोणी सांगत नाही. आज श्रीमंतीसाठी ओळखला जाणारा हा देश तेव्हा गरीब होता बरं का! दगडगोट्यांच्या शेतीवर सगळ्यांचे भागत नसे, म्हणून शेकडो वर्षे इथले तरुण परक्या राजांच्या पदरी शिपाईगिरी करीत आले होते. लुझर्न शहरात खडकात कोरलेला एक मरणासन्न सिंह आहे. तो 1821 साली पुरा झाला. पॅरिसच्या राजवाड्याचे रक्षण करताना 1792 साली जे स्विस सैनिक मारले गेले, त्यांचे ते स्मारक. सहलीतले लोक तिथे छायाचित्र काढतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्याच्या राजासाठी डोंगरातली पोरे का मेली, एवढे मार्गदर्शकाने दोन वाक्यांत सांगितले, तर तो सिंह निराळा दिसेल.

पाहुण्यांसाठी मग डोंगरावर लोखंडाच्या वाटा चढल्या. फिट्झनाऊहून रिगीवर जाणारी गाडी 1871 साली सुरू झाली. युरोपातली ही पहिली दातेरी रुळांची डोंगरगाडी. दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखा तिसरा पट्टा असतो, आणि इंजिनाखालचे दातेरी चाक त्यात दात रोवीत वर चढते. गाडी मागे घसरत नाही ती यामुळे. याच्या आधी लोक घोड्यावरून नाहीतर खुर्चीच्या डोलीतून वर जात. त्या वाहकांच्या पोटावर मात्र पाय आला. युंगफ्राउची गाडी हे तर याहून मोठे धाडस. 1896 ला काम सुरू झाले आणि 1912 ला गाडी वर पोचली. सुमारे सात किलोमीटरचा बोगदा आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून गेला आहे. युंगफ्राउयोखचे स्थानक 3,454 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. हवा विरळ असते. तिथे धावपळ करू नये. डोके दुखू लागले तर निमूट बसावे.

खरा वाटाड्या मात्र झेंडेवाला नव्हे. तो आहे इथले वेळापत्रक. 1982 पासून साऱ्या देशात ठराविक अंतराने, बहुधा दर तासाला, गाड्या सुटू लागल्या. आगगाडीतून उतरावे तो फलाटाबाहेर पिवळी टपाल-बस उभी असते. घाटाच्या वळणावर तिचा तीन सुरांचा भोंगा वाजतो; ते सूर रॉसिनीच्या ‘विल्यम टेल’ या संगीतनाट्यातले. तेव्हा सहलीत अर्धा दिवस मोकळा मिळाला, तर तो घड्याळांच्या दुकानात घालवू नका. लुझर्नच्या धक्क्यावरून आगबोट पकडा. या सरोवरावर 1901 ते 1928 या काळात बांधलेल्या पाच चाकांच्या आगबोटी अजून चालतात, आणि त्यांचे झळझळीत यंत्र मधल्या कठड्यावरून वाकून पाहता येते. बेर्न शहरही बऱ्याच सहलींत गाळले जाते. देशाचा कारभार जिथून चालतो तेच गाव न पाहता माणसे परततात, याला काय म्हणावे! आरे नदीच्या वळणात वसलेले ते जुने गाव आहे. तिथल्या कमानींच्या ओवऱ्यांतून पावसातही कोरडे हिंडता येते.

आता बर्फाविषयी. सगळे लोक जातात ते त्यासाठीच. युंगफ्राउयोखवरून खाली आलेच ही हिमनदी दिसते. आल्प्समधली ती सर्वांत लांब, सुमारे वीस किलोमीटर. पण 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी आपल्या बर्फाचा सुमारे दहावा हिस्सा गमावला. ऱ्होन हिमनदीत खोदलेल्या गुहेवर कित्येक उन्हाळे पांढरी जाड कापडे पांघरावी लागली, दुखणाइताला पांघरावीत तशी. 28 मे 2025 रोजी तर ब्लाटेन गावावर दरडीसकट हिमनदी कोसळली, आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. डोंगरावर तज्ज्ञांची नजर होती, म्हणून सुमारे 300 रहिवाशांना काही दिवस आधीच हलवता आले.

ग्रिंडेलवाल्डला गेलात, तर मार्गदर्शकाला एक जागा मुद्दाम विचारा. कुकच्या पहिल्या पाहुण्यांच्या काळी तिथल्या खालच्या हिमनदीचे टोक गावाजवळच्या खोऱ्यात उतरलेले असे. आज बर्फ कितीतरी वर सरकला आहे, आणि त्याच्या वाटेवर खोल खडकाळ घळ उरली आहे. कड्याला लटकवलेल्या पायवाटेवरून तिकीट काढून लोक ती पाहायला जातात. घळीचे नाव मात्र अजून हिमनदीचेच आहे.