आपल्याच रेखांशावरची जागल

लेखमाला : आकाश आपल्या अंगणातलं – भाग ११

मागच्या भागात नवतारा आणि अतिनवतारा यांतला फरक पाहिला. दोन्हींना एक गोष्ट लागू आहे : ते उजळतात तेव्हा त्यांच्याकडे कुणी पाहत असेल तरच त्यांची सुरुवात हाती लागते. ती पकडण्यासाठी लडाखमध्ये एक दुर्बीण उभी आहे. तिचा भंडाऱ्याशी संबंध काय, ते आधी सांगतो.

नकाशावर भंडारा शहरावर बोट ठेवा आणि जवळजवळ सरळ उत्तरेला सरकत जा. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, उत्तराखंड आणि मग हिमालयाच्या रांगा. सुमारे १३०० किलोमीटरवर लडाखमधलं हानले हे गाव येतं. भंडाऱ्याचा रेखांश सुमारे ७९.६ अंश पूर्व, हानलेचा ७९ अंशांच्या किंचित अलीकडे. म्हणजे आपल्या डोक्यावरचं मध्यमंडल ओलांडणारा तारा तीन मिनिटांच्या आत हानलेचंही मध्यमंडल ओलांडतो. फरक आहे तो अक्षांशाचा, त्यामुळे आपल्याकडे क्षितिजापासून २१ अंशांवर दिसणारा ध्रुवतारा तिथे जवळपास ३३ अंशांवर असतो. आणि दुसरा, फार मोठा फरक उंचीचा आहे : आपण समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, तर हानलेची वेधशाळा ४५०० मीटरवर.

त्या उंचीवर हवेचा दाब आपल्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो आणि बाष्प तर नावापुरतंच. पावसाळ्याचे ढग हिमालयाच्या अलीकडेच बरेचसे रिते होतात. आपल्याकडे धानाला लागतो तेवढा पाऊस तिथे दहा वर्षांतही पडत नसेल. शेतीला ते वाईट, दुर्बिणीला उत्तम. भारतीय ताराभौतिकी संस्थेने याच कारणासाठी दिग्पा-रात्सा-री या डोंगरावर वेधशाळा उभारली. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण उपग्रहामार्फत बेंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात. पण तिथेही कळफलकावर रात्रभर माणूस बसलेला असतो. ग्रोथ-इंडिया दुर्बीण याच्या पुढची पायरी. ०.७ मीटर आरशाची ही दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांनी मिळून उभारली. वरुण भालेराव आणि जी. सी. अनुपमा ही त्यामागची प्रमुख नावं. २०१८ मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिलं. संपूर्ण स्वयंचलित अशी ही भारतातली पहिली संशोधन दुर्बीण.

स्वयंचलित म्हणजे नेमकं काय, हे एका संध्याकाळच्या क्रमावरून समजतं. सूर्य मावळत आला की हवामानाची यंत्रं वारा, आर्द्रता आणि ढग तपासतात. सगळं ठीक असेल तर घुमट आपोआप उघडतो. संधिप्रकाश असतानाच दुर्बीण कोऱ्या आकाशाच्या काही प्रतिमा घेते. कॅमेऱ्याचा कुठला बिंदू किती संवेदनशील आहे, आरशावर-काचेवर धूळ कुठे बसली आहे, ते त्यांतून कळतं आणि रात्रीच्या प्रतिमांतून तो दोष वजा होतो. मग ती नाभीयन जुळवते आणि दिवसा तयार झालेली यादी घेऊन एकेका लक्ष्याकडे वळते. प्रत्येक प्रतिमेतले तारे तारकासूचीशी ताडून आपण ठरल्या जागीच पाहतोय ना, याची खात्री करता येते. वारा वाढला किंवा दमटपणा आला की घुमट बंद. कडाक्याच्या थंडीत हे सगळं चालू असताना डोंगरावर कुणी जागं राहायची गरज नाही.

तिच्या कॅमेऱ्याच्या चौकटीची बाजू सुमारे ०.७ अंश आहे. त्यात पूर्ण चंद्र मावून जागा उरते. पाच मिनिटांच्या प्रतिमेत तिला साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याहूनही काही लाख पट अंधुक तारा दिसतो. तरी ७० सेंटिमीटरचा आरसा आजच्या जगात छोटाच. मग तिची एवढी मातब्बरी कशासाठी?

उत्तर त्या रेखांशात आहे. अमेरिकेतल्या पालोमार डोंगरावरची एक दुर्बीण रात्रभर आकाश चाळून बदललेले ठिपके शोधते. पालोमार आणि हानले पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना आहेत. तिथे उजाडतं तेव्हा इकडे रात्र पडायची असते. हानलेच्या पश्चिमेला कॅनरी बेटं, पूर्वेला ऑस्ट्रेलियाचा पूर्व भाग, इथे मोठ्या वेधशाळा आहेत. मधला पट्टा फार विरळ. धानाच्या बांधीवर रानडुकरांसाठी आळीपाळीने जागल करतात, त्यात मधल्या पाळीचा माणूसच आला नाही तर जे होईल तेच आकाशाचं होत होतं. ग्रोथ या जागतिक जाळ्याची कल्पनाच ही, की एका वेधशाळेवर दिवस उगवला की पुढचीने काम हातात घ्यायचं. कॅल्टेकच्या मानसी कासलीवाल यांनी त्याचं नेतृत्व केलं.

उशिराची किंमत किती, ते १७ ऑगस्ट २०१७ च्या घटनेतून दिसतं. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी त्या दिवशी टिपल्या गेल्या. तिचा प्रकाश चिलीतल्या दुर्बिणीला सुमारे ११ तासांनी सापडला, आणि त्यातली निळसर झळाळी दोन-तीन दिवसांतच ओसरली. तेव्हा हानलेला ही दुर्बीण नव्हती. २०२२ च्या फेब्रुवारीत चित्र वेगळं होतं. पालोमारला एक झपाट्याने बदलणारा ठिपका सापडला, एटी २०२२ सीएमसी. ग्रोथ-इंडियाने आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचा पाठपुरावा केला. एका प्रचंड कृष्णविवराने तारा फाडला होता आणि त्यातून निघालेला झोत नेमका आपल्या दिशेने होता. साडेआठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश. मराठी मुलुखातली आणि लडाखमधली यंत्रं एकाच शोधात खांद्याला खांदा लावून उभी होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

हे सगळं अंधारावर उभं आहे. २०२२ मध्ये हानलेच्या आसपासचा सुमारे एक हजार चौरस किलोमीटरचा परिसर काळोखी आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथले गावकरी खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांना वरून आच्छादन देतात. काहींना दुर्बिणी देऊन पाहुण्यांना आकाश दाखवायला शिकवलं आहे. आणि हे काम आपल्या शेजारीही झालंय. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारी, खापा अशा गावांतले रस्त्यांवरचे शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. खर्च मोठा नाही, उजेडही कमी होत नाही. फक्त तो रस्त्यावर पडतो, ढगांवर नाही. कोका अभयारण्याच्या कडेच्या गावांना, किंवा साकोली-लाखनीच्या बाहेरच्या वस्त्यांना हे का जमू नये? नवे पथदिवे मागताना ग्रामसभेत एवढंच लिहून द्यावं, की दिव्याला वरून झाकण हवं आणि प्रकाश पिवळसर हवा.

दुर्बिणीसमोरची एक अडचण मात्र शिल्लक आहे. गुरुत्वीय लहरी आल्या तरी त्या कुठून आल्या ते बऱ्याचदा शेकडो चौरस अंशांइतकं मोघम असतं, आणि हानलेच्या चौकटीत अर्धा चौरस अंशच मावतो. हा मोघमपणा कमी करायला आणखी एक शोधकेंद्र लागतं. ते हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. पुढच्या आठवड्यात तिकडे जाऊ.