पक्ष्यांचें नाक

पोपटाच्या चोंचीच्या मुळाशीं दोन वाटोळ्या नाकपुड्या स्पष्ट दिसतात. असें असूनहि पक्ष्यांस वास जवळजवळ येतच नाहीं, असें मत युरोप-अमेरिकेंतील पंडितांनीं शंभराहून अधिक वर्षें उराशीं धरून ठेवलें होतें. तें कसें रूढ झालें व कसें ढासळलें, ही हकीकत मनोरंजक तर आहेच; पण प्रयोग कसा करावा आणि त्यावरून अनुमान कसें काढूं नये, हेंहि घरांतील विद्यार्थ्यांस तींतून कळेल, म्हणून ती येथें सांगतों.

आपल्याकडे गिधाडाची कीर्ति दृष्टीबद्दल. रामायणांतील संपातीस समुद्राच्या अलीकडून लंकेंतील सीता दिसली, ती डोळ्यांच्या बळावर; नाकाचा तेथें कांहीं संबंध नाहीं. आपल्या देशांतील गिधाडें भक्ष्य शोधतात तीं खरोखरच डोळ्यांनीं. अमेरिकेंतील लोकांची समजूत मात्र निराळी होती. तेथील तांबड्या डोक्याचें 'टर्की गिधाड' वासावर येतें, असें ते मानीत. पक्ष्यांच्या चित्रांमुळें विख्यात झालेले ऑड्युबन यांस हें पटेना. १८२६ सालीं त्यांनीं एडिंबरो येथील विद्वानांपुढें आपले प्रयोग मांडले. हरिणाच्या कातड्यांत गवत भरून तें त्यांनीं मोकळ्या मैदानांत ठेवलें. थोड्याच वेळांत एक गिधाड येऊन तें फाडूं लागलें. उलट, एक मेलेलें डुक्कर त्यांनीं घळींत झुडपांखालीं दडविलें. तें कुजून असह्य दुर्गंधि सुटली, तरी वर घिरट्या घालणारें एकहि गिधाड त्यापाशीं गेलें नाहीं. यावरून निर्णय झाला कीं, गिधाडास डोळे आहेत, नाक नाहीं!

पुढें त्यांचे स्नेही बाकमन यांनीं चार्ल्स्टन येथें कापलेल्या मेंढीचें चित्र रंगवून जमिनीवर मांडलें, तों गिधाडें त्या चित्रासच टोचूं लागलीं. खुद्द डार्विन यांनीं दक्षिण अमेरिकेंत दोरीनें बांधलेल्या कांडोर गिधाडांपुढून कागदांत गुंडाळलेलें मांस हातांत घेऊन येरझाऱ्या घातल्या. एकानेंहि मान वळविली नाहीं. इंग्लंडांतील वॉटरटन यांनीं ऑड्युबन यांस कडाडून विरोध केला खरा, परंतु त्या वादांत प्रमाणांपेक्षां रागच अधिक होता. मोठ्या नांवांपुढें लोक गप्प बसले.

न्यायशास्त्र पढलेल्या वाचकास यांतील दोष तेव्हांच दिसेल. 'गिधाड आलें नाहीं, सबब त्यास वास आला नाहीं' यांतील हेतु सव्यभिचार आहे. पंचपक्वान्नांचा वास येऊनहि पोट भरलेला मनुष्य पानावर बसत नाहीं. तेव्हां न येण्याचें कारण दुसरेंहि असूं शकेल, हें कोणी पाहिलेंच नाहीं.

तें कारण कळण्यास १९८६ साल उजाडावें लागलें. ह्यूस्टन नामक शास्त्रज्ञांनीं पनामांतील बारो कोलोराडो बेटावरच्या दाट अरण्यांत ७४ मेलेल्या कोंबड्या ठेवल्या. कांहीं उघड्यावर होत्या, कांहीं पाल्याखालीं झांकलेल्या. तीन दिवसांच्या आंत टर्की गिधाडांनीं त्यांपैकीं ७१ शोधून काढल्या. झांकलेल्या व उघड्या यांत त्यांस फरक पडला नाहीं. परंतु अगदीं कुजलेलें मांस मात्र तीं टाळीत. म्हणजे ऑड्युबन यांचें डुक्कर गिधाडांस कळलें नसेल असें नव्हे. तें त्यांच्याहि रुचीपलीकडे गेलें असावें. शिवाय अमेरिकेंत टर्की गिधाडाच्या शेजारींच 'काळें गिधाड' राहतें आणि त्याचें नाक मंद असतें. ऑड्युबन यांच्या डोक्यावर घिरट्या घालणारे पक्षी कोणत्या जातीचे होते, हा प्रश्न उरतोच.

मौज अशी कीं, पंडितांच्या आधीं ही गोष्ट कामगारांस ठाऊक झाली होती. १९३० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत नळांतून वाहणाऱ्या वायूंत एथिल मरकॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मिसळीत. आपल्या स्वयंपाकघरांतील गॅस गळूं लागतांच जी दुर्गंधि येते, ती याच द्रव्याची. नळ कोठें फुटला आहे हें पाहावयाचें तर गिधाडें कोठें जमलीं आहेत तें पाहावें, अशी तेथील लोकांची युक्ति होती. कुजणाऱ्या मांसांतूनहि हेंच द्रव्य सुटतें. स्टेगर यांनीं रानांत तें मुद्दाम सोडून गिधाडें बोलाविलीं व १९६४ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुसरा पुरावा आला तो शरीररचनेंतून. बेट्सी बँग या बाई वैद्यकीय चित्रें काढण्याचें काम करीत. पक्ष्यांच्या नाकाच्या आंतील वळ्या रेखाटतांना, एवढी बारीक रचना निरुपयोगी असेल हें त्यांस पटेना. (चित्रकारानें केलेली चूक चित्रकर्त्रीनेंच दुरुस्त करावी, हा योग पाहण्याजोगा आहे.) वास ओळखणारा मेंदूचा जो भाग, ज्यास आपण घ्राणपिंड म्हणूं, तो त्यांनीं कॉब यांच्यासह १०८ जातींच्या पक्ष्यांत मोजला व १९६८ सालीं कोष्टक छापलें. घ्राणपिंडाचा व्यास मेंदूच्या गोलार्धाच्या शेंकडा किती, हें त्यांचें माप. अमेरिकेंतील चिकाडी या इवल्याशा पाखरांत तें ३ भरलें, तर दक्षिण ध्रुवाकडील पांढऱ्या हिमपेट्रेलमध्यें ३७!

या समुद्रपक्ष्यांस एवढें नाक कशास हवें, याचें उत्तर १९९५ सालीं नेव्हिट बाईंनीं दिलें. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति बारीक जीव खाऊं लागले म्हणजे डायमेथिल सल्फाइड नांवाचा वायु सुटतो. भक्ष्याचा हा माग घेत कांहीं जातींचे पेट्रेल अफाट पाण्यावर अन्न शोधतात. न्यूझीलंडच्या किवीच्या नाकपुड्या तर चोंचीच्या टोंकाशींच असतात, आणि मातींत पुरलेलें अन्न तो हुंगून काढतो, हें वेंझेल बाईंनीं नळ्यांत अन्न पुरून दाखविलें. पायरवा कबुतरें घरची वाट वासानें ओळखतात, असें इटलींतील पापी यांनीं १९७२ मध्यें मांडलें. त्यावर पुष्कळ वर्षें वाद झाला.

हें वाचून घरांतील वडीलधारी मंडळी म्हणतील, "तरी आम्ही सांगत होतों, चिमणीच्या पिलाला हात लावूं नका, माणसाचा वास लागला कीं चिमण्या त्याला टोचून मारतात." पण वास येणें निराळें आणि त्या वासामुळें पोटचें पिलूं टाकणें निराळें. पक्षिशास्त्रज्ञ दरवर्षीं असंख्य पिलें घरट्यांतून काढून तोलतात, पायांत कडीं घालतात व परत ठेवतात. आणि नर-मादी त्यांस पूर्ववत् चारा भरवितात. अंड्यांवर बसलेल्या मादीजवळ वारंवार गेल्यास ती घरटें सोडते, पण ती भयानें. तेव्हां पिसें न फुटलेलें पिलूं खालीं पडलेलें आढळल्यास मुलांस रागें न भरतां तें त्यांच्याकडून अलगद घरट्यांत ठेववावें. पिसें फुटलेलें, टुणटुण उड्या मारणारें असेल तर त्यास तेथेंच राहूं द्यावें. त्याचे आईबाप जमिनीवर उतरून भरवितात. घरांतील मांजर तेवढें त्या वेळीं कोंडून ठेवावें.