खेळ सुटत कां नाहीं?

सायंकाळीं जेवणाची हांक तीनदां दिली जाते आणि तिन्ही वेळां आंतून एकच उत्तर येतें, "एवढा डाव संपूं दे!" व्हिडिओ गेमच्या पडद्यावर डोळे खिळलेला मुलगा आज शहरांतील घराघरांत दिसतो. तो बिघडला, असा निर्णय वडील माणसें तत्काळ देऊन टाकतात. परंतु या ओढीचें मूळ कशांत आहे, हें पाहिल्यावांचून दिलेला निर्णय न्याय्य ठरत नाहीं.

१९८४ सालीं मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत काम करणारे अलेक्सेइ पाजित्नोव्ह यांनीं 'टेट्रिस' हा खेळ रचला. चार-चार चौकोनांचे सात आकार एकामागून एक वरून उतरतात. ते फिरवून नीट बसवावयाचे. आडवी ओळ भरली कीं ती नाहींशी होते. त्यांत कथा नाहीं, पैशाचें बक्षीस नाहीं. आकारांचा वेग वाढत जातो आणि खेळणारा बहुधा शेवटीं हरतोच. तरीहि कोट्यवधि लोक तो आवडीनें खेळत आले आहेत.

मग मन गुंततें कशानें? मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत गिर्यारोहक, बुद्धिबळपटु, शस्त्रवैद्य इत्यादिकांच्या तल्लीनतेचा विचार केला. काम कौशल्याच्या मानानें सोपें असलें तर कंटाळा येतो, फार अवघड असलें तर धास्ती वाटते. या दोहोंमधील अरुंद वाटेवर मनुष्य देहभान विसरतो. चांगला खेळ खेळणाऱ्यास नेमका याच वाटेवर ठेवतो. काय करावयाचें तें स्पष्ट असतें, चूक त्याच क्षणीं दिसते आणि हात बसला कीं अडचणहि एक पायरी वर चढते.

२००६ सालीं रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी व अँड्र्यू प्रशिबिल्स्की या संशोधकांनीं खेळाच्या गोडीचा संबंध तीन गरजांशीं दाखविला: स्वेच्छेनें वागण्याची मोकळीक, आपणांस कांहीं साधतें ही जाणीव, आणि मिळून खेळावयाच्या खेळांत सोबत्यांचा स्नेह. या गरजा लहानथोर सर्वांच्याच आहेत. परंतु वर्गांत सोडविलेलें गणित बरोबर कीं चूक, हें कळावयास कधीं आठवडा लागतो, आणि चुकल्यास बोलणीं बसतात. खेळांत चुकीची शिक्षा एवढीच कीं डाव पुन्हां मांडावयाचा.

अर्थात् प्रत्येक ओढ निर्दोष नसते. कित्येक खेळांत पैसे देऊन बंद पेटी उघडावयाची असते. आंत काय निघेल तें दैवाधीन. येथें नैपुण्याची जागा नशीब घेतें. बेल्जियमच्या जुगार आयोगानें २०१८ सालीं अशा कांहीं पेट्यांना जुगारच ठरविलें. खेळण्यावरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टी मागें पडणें आणि हानि दिसत असूनहि खेळ चालूच राहणें, ही लक्षणें साधारणपणें १२ महिने टिकलीं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलांत आलेल्या वर्गीकरणांत तो विकार मानला जातो.

उशिरां जेवावयास येणारा प्रत्येक मुलगा या कोटींत बसत नाहीं. म्हणून पुढची हांक देण्यापूर्वीं वडील माणसानें एकदां त्याच्या शेजारीं बसून डाव पाहणें हिताचें. यंत्र काढून घेतां येतें, पण कांहीं साधल्याच्या आनंदाची भूक काढून घेतां येत नाहीं. तिला घरांत दुसरें अन्न मिळालें नाहीं, तर ती पुन्हां त्याच पडद्याकडे वळते.