कागलची हजेरी, निपाणीची हजेरी

पुणे-बंगळुरू महामार्गावर कागल मागे टाकलं, राज्याची हद्द ओलांडली, कोगनोळीचा टोलनाका गेला की निपाणी. दोन्हीकडे मराठी, दोन्हीकडे ऊस, आणि सोयरिकी तर हद्द बघून कुणी कधीच केल्या नाहीत. रोजगार हमीवर माती खणणाऱ्या बाईची हजेरी मात्र २०२५-२६ मध्ये कागल तालुक्यात ३१२ रुपये होती आणि निपाणी तालुक्यात ३७०. दिवसाला ५८ रुपयांचा फरक. एखाद्या कुटुंबाने शंभर दिवस पुरे केले, तर वर्षाचे ५,८०० रुपये.

दोन राज्यं म्हटल्यावर दोन दर असणारच, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यातल्या, म्हणजे मनरेगातल्या, अकुशल मजुरीचा पैसा राज्याचा नव्हता. तो सगळा केंद्राचा होता, दिल्लीहून थेट मजुराच्या खात्यात जमा व्हायचा आणि दरही दिल्लीच ठरवायची. मालक एक, काम एक, हजेरी दोन. याच मालकाच्या टपाल खात्यातल्या कारकुनाची गोष्ट बघा. त्याचं मूळ वेतन कागलमध्ये आणि निपाणीत सारखंच. मुंबईत बदली झाली तर घरभाडे भत्ता वाढतो, कारण तिथे भाडं जास्त. मूळ वेतनाला धक्का लागत नाही. फरक कशाचा, हे त्याच्या पगारपत्रकात वेगळ्या रकान्यात लिहिलेलं असतं. मजुराच्या हजेरीपत्रकात असा रकानाच नाही.

हा फरक आला कुठून? मनरेगा कायद्याच्या कलम ६ मध्ये दोन वाटा होत्या. केंद्र स्वतः दर जाहीर करू शकत होतं. ते करेपर्यंत राज्याचं शेतमजुरांसाठीचं किमान वेतन लागू. सुरुवातीला दुसरी वाट चालली. राज्यं किमान वेतन वाढवू लागली आणि बिल केंद्राच्या नावावर फाटू लागलं, तेव्हा १ जानेवारी २००९ पासून केंद्राने पहिली वाट धरली. २०११ पासून दर वर्षी शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार, तोही राज्याराज्याचा वेगळा, वाढ देण्याची पद्धत पडली.

२०११ च्या जानेवारीतले दर आज वाचले तर गंमत वाटते. महाराष्ट्र १२७, कर्नाटक १२५, मध्य प्रदेश १२२. कागलची बाई तेव्हा निपाणीच्या बाईपेक्षा दोन रुपये पुढे होती! २०२५-२६ पर्यंत कर्नाटकाचा दर जवळजवळ तिप्पट झाला, आपला अडीचपटीच्याही किंचित खाली राहिला. २०१८-१९ मध्ये कर्नाटक २३६ वरून २४९ वर गेलं. महाराष्ट्राला २०१ वर दोन रुपये मिळाले. बिहार, झारखंडला त्या वर्षी एक रुपयाही वाढला नाही, दोन्हीकडे १६८ च राहिले.

मग कर्नाटकातली महागाई महाराष्ट्राच्या पुढे गेली म्हणायची का? इथेच खरी मेख आहे. निर्देशांक एका राज्याच्या किमती त्याच राज्याच्या जुन्या किमतींशी ताडून पाहतो. निपाणीत ज्वारी कागलपेक्षा महाग आहे की स्वस्त, हे त्याला कळत नाही. तसं विचारलेलंच नसतं त्याला. शिवाय इतकी वर्षं वापरात असलेल्या मालिकेचा पाया १९८६-८७ चा, आणि मजूर कशावर किती खर्च करतो याची मोजदाद १९८३ च्या पाहणीतली. त्यात दोन तृतीयांशांहून अधिक भार खाण्यापिण्याचा. मोबाइलचं रिचार्ज, शिकवणीची फी, खासगी दवाखाना यांना त्या टोपलीत जागा किती असणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आणि गडचिरोलीचं खेडं आणि मुंबईच्या दाराशी आलेला पालघर जिल्हा, दोघांनाही हजेरी ३१२ च. म्हणजे किमती वेगळ्या आहेत तिथे दर एक, आणि बाजार एक आहे तिथे दर दोन. स्थानिक गरज बघून दर ठरवणं जमत नाही म्हणावं, तर सिक्कीममधल्या ग्नाथांग, लाचुंग आणि लाचेन या तीन ग्रामपंचायतींना केंद्राचा वेगळा दर होता: २०२५-२६ मध्ये राज्यात २५९, या तिघींत ३८९. उंचावरच्या, अवघड गावांसाठी ते योग्यच आहे. ठरवलं तर सरकारला ग्रामपंचायतीपर्यंत उतरता येतं, एवढंच त्यातून दिसतं.

कोल्हापूरकडे ऊसतोडीत आणि शेतात बरा रोज मिळतो, त्यामुळे तिथे ५८ रुपयांची झळ फार बसत नाही. झळ लागते ती धारणी, चिखलदऱ्याच्या पलीकडे. मेळघाटच्या हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातही कोरकूंचीच गावं आहेत. तिकडे २०२५-२६ ची हजेरी २६१. पाच रुपयांचं अंतर चौदा वर्षांत ५१ झालं. इथे महाराष्ट्र वरच्या पायरीवर आहे, म्हणून आपल्याकडे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

यावर कुणी बोललंच नाही असं नाही. बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव ग्रामविकासविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्ष असताना, २०२२ च्या फेब्रुवारीत, समितीने देशभर एकच दर असावा अशी शिफारस केली. नंतरच्या समितीने किमान ४०० रुपयांची मागणी केली. तेवढे २०२५-२६ मध्ये फक्त हरियाणात मिळत होते. माझं मत थोडं वेगळं आहे. सरसकट एक दर हा सोपा उपाय आहे, न्याय्य असेलच असं नाही. पालघरच्या बाईला गडचिरोलीपेक्षा चार पैसे जास्त लागत असतील, तर ते मोजून द्यावेत. पण मोजावेत तरी.

तोवर राज्यांना हात बांधून बसायची गरज नाही. झारखंडने २०२१ मध्ये केंद्राच्या १९८ रुपयांवर स्वतःचे २७ घालून हजेरी २२५ केली. हिमाचलने २०२४ मध्ये आपली हजेरी २४० वरून ६० ने वाढवली. महाराष्ट्राला तर यासाठी नवा कर शोधायलाही नको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या आपल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. कागलच्या बाईचे ३१२ रुपये मात्र सगळे दिल्लीच्या दराचेच होते.