नालीतला लाव्हा

परभणीत मोरी तुंबली की पहिला संशय केसांवर जातो, दुसरा साबणाच्या चिपटीवर. तिसरा आरोपी सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजून काळा दगड झाला. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड ही गावं त्याच दगडावर वसली आहेत. दगडातलं कॅल्शियम मुरलेल्या पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळतं आणि बोअरमधून घरात येतं. पाणी जड असलं की डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोटीवर पांढरा थर धरतो. हे रोजचं, डोळ्यांसमोरचं. पण तेच पाणी नालीत काय करतं, हे पाहायला पाइप उघडावा लागतो.

एखाद्या खानावळीच्या मोरीचा पाइप उघडून पाहा. आतल्या बाजूला पांढरट-पिवळा, बोटभर जाडीचा थर दिसेल. नखानं खरवडला तर बुळबुळीत कपचे निघतात. हा नुसता थिजलेला तेलकटपणा नाही, बराचसा साबण आहे! तळणाचं तेल, ताटावरचं तूप, चहाच्या गाळात उरलेली साय असं सगळं नालीत साचून कुजतं, त्यातून स्निग्धाम्लं सुटतात, आणि त्यांची कॅल्शियमशी गाठ पडली की पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये गटारांतले असे गोळे तपासले, तेव्हा त्यांत हाच कॅल्शियमचा साबण सापडला. लंडनच्या व्हाइटचॅपलखाली 2017 मध्ये निघालेला स्निग्ध पदार्थांचा आणि चिंध्यांचा गोळा 250 मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा होता.

एकदा साबण झाला की गरम पाणी ओतून फारसं साधत नाही. म्हणून तेल नालीत जाण्याआधीच अडवायचं. रश्श्यावर तर्री तरंगते, त्याच न्यायानं ग्रीस ट्रॅप चालतो: मोरीनंतरच्या टाकीत पाणी थोडा वेळ थांबतं, निवतं, तेल वर येतं आणि खालचं पाणी पुढे जातं. वरची साय नेमानं काढली नाही, तर ट्रॅप असून नसल्यासारखा. घरी एवढा थाट नको. कढई आणि ताटं घासण्याआधी कागदानं पुसली तरी मोठं काम होतं. चहाचा चोथा कुंडीत, आणि केसांसाठी न्हाणीच्या तोंडाला बारीक जाळी. सलूनवाल्यांना तर तिच्यावाचून गत्यंतरच नाही.

लाव्हा बाहेरूनही खेळ करतो. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी जमीन झाली. ही कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यात नुसता पुरलेला पाइप दरवर्षी वरखाली ढकलला जातो, सांधे सुटतात, उतार बिघडतो. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार हवा. मध्येच पोक आला की गाळ तिथेच बसतो. म्हणून पाइपभोवतीची काळी माती काढून वाळूचा किंवा मुरमाचा थर द्यायचा आणि वळणावर चेंबर ठेवायचा. बांधकामाच्या वेळचा हा खर्च पुढे फरशी फोडण्यापुढे काहीच नाही.

न्हाणीच्या जाळीखाली दोनेक इंच पाणी कायम उभं असतं. पाइपच्या बाकात असं पाणी अडवण्याची युक्ती अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं 1775 मध्ये शौचकूपासाठी पेटंट केली. एवढ्याशा पाण्यानं नालीतली दुर्गंधी आणि झुरळं दारातच थोपतात, याचं मला अजून नवल वाटतं. परभणीच्या मे महिन्यात घर बंद ठेवलं की हे पाणी आटतं. घरी परतल्यावर वास आला तर नाली तुंबली असं समजू नका, आधी तांब्याभर पाणी ओता.

खरंच तुंबली तर रबरी पंप मारा किंवा लवचिक स्प्रिंग फिरवा. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आणि संडासची टाकी भरली, तुंबली तर कुणालाही आत उतरवू नका. 11 मे 2023 रोजी सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो. संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. टाकी उपसणाऱ्या गाडीला फोन करा, आणि ती येईपर्यंत झाकणाजवळ कुणाला फिरकू देऊ नका.