परवलीचा शब्द आणि मुनीम



देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीसाठी कामगारालाही कायमचा एक क्रमांक मिळू लागला. पण क्रमांक म्हणजे नुसते नाव. ते चार लोकांना ठाऊक असायचेच. 'तो मीच' हे पटवायला परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, लागतो. तो ठेवायचा कोठे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. गिरणी कामगारांत वावरता वावरता, विचारून आणि वाचून जे कळले ते सांगतो.

आळशी प्रोग्रामर हा शब्द साध्या फाइलीत जसाच्या तसा लिहून ठेवतो. दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या खिळ्याला अडकवावी, तसा हा प्रकार. शहाणा प्रोग्रामर ते काम संगणकाच्या मूळ कारभाऱ्याकडे, ऑपरेटिंग सिस्टिमकडे, सोपवतो. हा कारभारी म्हणजे सराफाच्या पेढीवरचा मुनीम समजा. प्रोग्रामने तिजोरीला हात लावायचा नाही. मुनिमाला चिठ्ठी द्यायची. विंडोजमध्ये २००१ सालच्या एक्सपीपासून अशा चिठ्ठ्या ठरलेल्या आहेत. 'क्रेडराइट' म्हणजे ठेव. तीत कोठला शब्द, कोणाचा शब्द आणि प्रत्यक्ष शब्द ही माहिती असते. 'क्रेडरीड' म्हणजे काढून दे. 'क्रेडडिलीट' म्हणजे पुसून टाक. मुनीम तो शब्द सांकेतिक लिपीत करून ठेवतो, आणि त्या लिपीची किल्ली तुमच्या लॉगिनच्या शब्दाशी बांधलेली असते. म्हणून लॉगिनचा शब्द अवघड असेल, तर नुसती डिस्क पळवून चोराच्या हाती फारसे काही लागत नाही. काम झाल्यावर प्रोग्रामने आपल्या स्मृतीतली त्या शब्दाची नक्कलही पुसली पाहिजे.

एवढे झाले म्हणजे निश्चिंत झालो का? नाही. मुनीम गादी ओळखतो, गादीवर बसलेला माणूस ओळखत नाही. तुमच्या लॉगिनखाली जो बसेल, जो प्रोग्राम चालेल, त्याची चिठ्ठी मुनीम बहुधा तुमचीच समजतो.

हे आम्ही ठेच लागून शिकलो. युनियनच्या कचेरीत एकच संगणक आणि सर्वांचे एकच लॉगिन. एका कंत्राटी कामगाराने तेथे आपले निधीचे खाते उघडून पाहिले. कंत्राटदाराने पैसे भरलेच नव्हते. 'शब्द जपून ठेवू का?' असे यंत्राने विचारले, आणि आमच्याच माणसाने 'हो' म्हटले. पुढे त्याच यंत्रावर कोणी दुसरा बसला; खाते आपोआप उघडले, आणि तक्रार नोंदवण्याआधीच गोष्ट कंत्राटदाराच्या कानी गेली. आठवड्याच्या आत त्या कामगाराचे काम सुटले. मुनिमाने आपले काम चोख केले होते. चूक आमची होती.

तेव्हापासून आमच्या कचेरीत प्रत्येकाचे लॉगिन वेगळे आहे. परक्या यंत्रावर शब्द जपायचा नाही, आणि जपला गेलाच तर उठण्यापूर्वी पुसायचा, असा नियम केला. तुम्हीही उद्या आपल्या दुकानात, शाळेत, पतपेढीत एवढे विचारा : या यंत्राच्या एका गादीवर किती माणसे बसतात? एकाहून अधिक बसत असतील, तर तिजोरी कितीही भक्कम असो, ती उघडीच आहे.